सहासष्ट नंबरचा शर्ट

"बाबा, आपल्या सगळ्या गिऱ्हाइकांत सगळ्यात घाणेरडी काख कोणाची?"

लॉन्ड्रीत सगळे चिडीचूप झाले. पंखा फिरत होता, मोठं मशीन घरघरत होतं, इस्त्री फुस्स करून वाफ सोडत होती, पण माणसांची तोंडं मिटली. माणसं तरी किती? इस्त्रीच्या टेबलापाशी बाबा, खिडकीजवळच्या स्टुलावर सुईदोरा घेतलेली आई, आणि काउंटरपाशी कोट न्यायला आलेले एक आजोबा. त्या आजोबांनी काय केलं असेल? दोन्ही कोपर हळूच अंगाशी चिकटवले.

प्रश्न विचारणारी भोंगा दारात उभी होती. पाठीवर दप्तर, कंबरेवर हात, मान ताठ. तिच्या मागे पायरीवर पेन्सिल आणि चष्मा या तिच्या दोन जिवलग मैत्रिणी तोंडावर रुमाल दाबून गदागदा हलत होत्या. पैज त्यांचीच. त्यातही खरी पेन्सिलची. "तुझ्या बाबांना विचारून दाखव. सगळ्यांसमोर. मोठ्यांदा," असं ती मधल्या सुट्टीपासून मागे लागली होती. आणि 'मोठ्यांदा' म्हटलं की भोंगाला राहवत नसे.

भोंगा हे तिचं घरातलं नाव. जन्मल्या जन्मल्या तिने असा टाहो फोडला की नर्सच्या हातातला ट्रे खाली पडला, असं बाबा सांगतात. (ट्रे आधीच पडला होता आणि त्या आवाजानेच पोर रडली, असं आई सांगते.) शाळेत मात्र ती नववीपर्यंत तोंडातल्या तोंडात पुटपुटायची, कारण तिने तोंड उघडलं की वर्ग हसायचा. मग दोन महिन्यांपूर्वी खेळाच्या बाईंनी तिला ड्रिलच्या रांगेतून बाहेर ओढलं, सगळ्यांच्या पुढे उभं केलं आणि म्हणाल्या, "हा आवाज माझ्या शिट्टीपेक्षा बरा आहे. आजपासून आकडे तू म्हणायचे." तिने 'एक!' म्हटलं आणि मैदानावर चारशे हात एकदम वर गेले. त्या दिवसापासून पोरीची चालच बदलली. आता ती दुकानाच्या दारातही अशी उभी राहायची, जणू समोर दोनशे जण रांगेत आहेत.

बाबांनी इस्त्री उभी केली. आजोबांच्या हातात कोट दिला, दार उघडून धरलं, ते रस्ता ओलांडेपर्यंत थांबले. मग वळून म्हणाले, "परत बोल."

"सगळ्यात घाणेरडी..."

"पुरे. ऐकलं." बाबांचा आवाज चढला नव्हता, आणि त्यामुळेच भोंगाच्या कमरेवरचे हात खाली आले. "कपड्यातलं पोटात. ठाऊक आहे ना? माणूस आपल्याकडे कपडे टाकतो म्हणजे अर्धं अंग उतरवून देतो. आपण धुवायचं, वाळवायचं, घडी घालायची आणि विसरायचं. डॉक्टर आणि लॉन्ड्रीवाला, या दोघांनी तोंड उघडलं की दुकान बंद."

बाहेर आल्यावर चष्मा म्हणाली, "पैज जिंकलीस बाई तू. मान गए."

"कसली जिंकली?" पेन्सिल म्हणाली. "प्रश्न विचारला, पण उत्तर कुठंय? उत्तर आण. नाव आण."

पेन्सिल ही नावाप्रमाणेच सडपातळ, उभीच्या उभी, आणि कायम टोक केल्यासारखी नीटनेटकी. तिच्या जवळून गेलं तरी फुलांचा वास यायचा. अशा मुलीला या घाणेरड्या प्रश्नात एवढा रस का, हे भोंगाच्या डोक्यात आलंसुद्धा नाही. तिच्या डोक्यात एकच: आपण माघार घेतो की काय?

शनिवारी दुपारी ती दुकानाच्या मागच्या खोलीत शिरली. तिथे तीन टबांची रांग होती, खाली ओली फरशी, वर दोऱ्यांवर हँगर. आई खुर्चीत बसून एक पांढरा शर्ट उलटा करून घासत होती. काखेत पिवळा, जाड, पुठ्ठ्यासारखा थर. बोट लावलं तर कडकड वाजेल असा.

"ईऽऽ! आई, हा घाम आहे?"

"घाम बिचारा पाण्यासारखा, साबणाला निघून जातो." आईने खायच्या सोड्याचा लेप बोटाने पसरला आणि जुन्या टूथब्रशने हळूहळू गोल फिरवायला लागली. "हा थर त्या फवाऱ्यांचा आणि रोल-ऑनचा. एक मारला, पुरला नाही म्हणून दुसरा, त्यावर तिसरा. त्यात घाम मिसळला की असं प्लास्टर होतं. वर शर्टवाल्यांनी घरी ब्लीच ओतलंय, त्याने आणखी पिवळा पडलाय. आणि त्यावर गरम इस्त्री! म्हणजे डागाला म्हणायचं, बस बाबा, कायमचा बस."

"मग निघेल?"

"तासभर कोमट पाणी आणि व्हिनेगरमध्ये होता. आता हा लेप. मग परत तेच. तीन वेळा केलं की निघेल. डाग आतून चढलेला, तो आतूनच काढायचा असतो."

तेवढ्यात काउंटरवरची घंटा वाजली. आई हात पुसत बाहेर गेली.

भोंगा वाकली. त्यांच्या दुकानात प्रत्येक घराला एक आकडा असतो. आई तो लाल दोऱ्याने, बारीक धावदोऱ्याने शर्टाच्या खालच्या काठावर घालते. शर्ट खोचला की आकडा आत जातो, कोणाला दिसत नाही. टाके एकदा पुढे आणि एकदा मागे असे दुहेरी, म्हणून दोन्ही बाजूंनी सारखेच भरतात. भोंगाने ओला काठ चिमटीत धरला. लाल दोऱ्यात स्पष्ट लिहिलं होतं: ६६.

नंबरांची वही खिळ्याला टांगलेलीच होती. तिने पानं भराभर उलटली. साठ, बासष्ट, पासष्ट...

सहासष्ट: खेळाच्या बाई.

भोंगाने वही मिटली. उघडली. परत वाचलं. बाई? रोज पांढराशुभ्र शर्ट, परीटघडीची पँट, अंगाने किरकोळ पण मैदानभर पुरून उरणाऱ्या बाई? जणू कोणी सांगितलं, सूर्य रोज आंघोळ करत नाही.

आणि तिने ठरवलं, हे पोटातच ठेवायचं. अगदी शपथ घेतली. पण पोटात ठेवायला आधी पोट असावं लागतं. भोंग्याला पोट कुठलं? त्याला नुसतं तोंड.

सोमवारी सकाळी पेन्सिलने तिला पाण्याच्या टाकीजवळ गाठलं. "कळलं का?"

"काही नाही कळलं."

"खोटं. तुझे कान लाल झालेत." पेन्सिलने तिचं मनगट पकडलं. हात थंडगार होता. "ओळखीचं आहे का कोणी? आपल्या शाळेतलं? सांग ना गं. बाई माझे, सांग!"

"शपथ घे, कोणाला सांगणार नाहीस."

"आईशप्पथ."

भोंगा तिच्या कानात कुजबुजली. पण भोंगाचं कुजबुजणं म्हणजे इतरांचं साधं बोलणं. टाकीपाशी सातवीतल्या चार मुली रांगेत होत्या. त्यांच्या हातातल्या बाटल्या भरून वाहायला लागल्या, तरी त्या हलेनात.

पेन्सिल आधी दोन क्षण नुसती बघत राहिली. मग हसायला लागली. इतकी हसली, इतकी हसली की तिच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि ती टाकीला टेकून खाली बसली. "बाई! खेळाच्या बाई! अगं आई गं!"

तेव्हा भोंगाही हसली. का हसली, ते तिचं तिलाच ठाऊक नाही.

बुधवारपर्यंत शाळेत 'सहासष्ट' हा आकडा राहिला नव्हता, शिवी झाली होती. गणिताच्या तासाला उत्तर सहासष्ट आलं आणि वर्ग बाकांवर लोळला. सर बिचारे परत परत फळा तपासत बसले. कोणी जवळून गेलं की नाक दाबून, "सहासष्ट गेली रे!" गुरुवारी बाईंच्या टेबलावर कोणीतरी डिओची रिकामी बाटली ठेवली. तिला कागद गुंडाळलेला. कागदावर मोठ्ठा आकडा.

बाईंनी कागद सोडवला, वाचला, घडी घालून खिशात ठेवला.

शुक्रवारी ड्रिल. भोंगा पुढे उभी राहिली, छाती भरून श्वास घेतला आणि म्हणाली, "एक!"

चारशे हात वर गेले. बाईंचे गेले नाहीत.

भोंगाला वाटलं, बाई विसरल्या. "दोन! तीन! चार! परत, एक!" बाई कोपर बरगड्यांना चिकटवून उभ्या होत्या. त्या दिवशी दुकानात कोट न्यायला आलेले आजोबा उभे होते ना, डिट्टो तशा. एवढ्या उन्हात अंगात जाड गडद स्वेटर. शिट्टी वाजवायलासुद्धा हात थोडासाच उचलायच्या, मनगटापासून, जणू कोणी वरचा हात शिवून टाकलाय.

ड्रिल संपल्यावर त्यांनी भोंगाला जवळ बोलावलं. "सोमवारपासून हात तू करून दाखव, हं? माझा खांदा दुखतोय."

"हो बाई."

"आणि एक विचारू?" बाईंनी इकडेतिकडे पाहिलं. "काल घरी शर्ट धुवायला काढला. काठावर बघते तर तोच आकडा. तुझ्या आईने घातलेला." त्या हसायचा प्रयत्न करत होत्या, आणि ते बघवत नव्हतं. "तुझे बाबा असं कधी करणार नाहीत, मला खात्री आहे. मी त्यांच्याकडे सहा वर्षं कपडे टाकते. म्हणून तुला विचारते बेटा, कुठून आलं असेल हे?"

भोंगाने तोंड उघडलं. आवाजच नाही. अख्ख्या आयुष्यात पहिल्यांदा आवाज फुटला नाही. कानात मशीन घरघरावं तसं घरघरायला लागलं. दोनशे जणांना उभं-आडवं करणारी मुलगी बाईंसमोर मासोळीसारखी नुसती ओठ हलवत राहिली.

"जाऊ दे," बाई म्हणाल्या. "जा, तास सुरू होईल."

दुपारी ती घरी गेलीच नाही, थेट दुकानाच्या मागच्या खोलीत आली आणि आईसमोरच्या बाकावर धपकन बसली. आई तिथल्या खिडकीशी होती. हातात कोरा करकरीत पांढरा शर्ट, काठावर आकडा घालत होती. टाका संपवला, दात लावून दोरा तोडला आणि सरळ आलाय का ते बघायला काठ खिडकीच्या उजेडासमोर धरला. उजेडात पातळ कापडातून लाल दोरा दोन्हीकडून चमकला.

समोरून भोंगाने वाचलं. ६६.

तिचा बांधच फुटला. "बाईंचा नवीन शर्ट? आई, तो जुना फेकला का? डाग निघालाच नाही ना?"

"कुठल्या बाईंचा?"

"सहासष्ट."

"कुठलं सहासष्ट? तेहेतीस आहे." आईने काठ तिच्याकडे वळवला.

३३. लख्ख. तिनाशेजारी तीन.

भोंगाने काठ हातात घेतला. पालथा केला. ६६. सुलटा केला. ३३. परत पालथा. परत सुलटा. चार वेळा केलं. आई बघत राहिली.

"अगं, तीन आणि सहा एकमेकांचे पाठमोरे भाऊ. भांडणाऱ्या माणसांत छत्तीसचा आकडा म्हणतात तो का? तिनाने एकीकडे तोंड केलं, सहाने दुसरीकडे. उलट्या शर्टावर आकडा उलटा दिसणारच. म्हणून तर आम्ही वाचताना आधी काठ पलटतो." आईने सुई उशीत खोचली. "पंधरा वर्षं दुकानात वाढलीस, एवढं लक्षात आलं नाही?"

नाही आलं. काठ पलटताना आईबाबांना तिने हजार वेळा पाहिलं होतं आणि वाटायचं, काठाचा ओलावा बघतात. आणि त्या शनिवारी शर्ट उलटा होता. डाग आतून काढायचा असतो म्हणून उलटा होता!

म्हणजे बाई नव्हत्याच. बाईंच्या काखा, शर्ट, सगळं स्वच्छ. बाईंनी उन्हात स्वेटर घातला तो भोंगाच्या वाचण्याने. मग आणखी एक गोष्ट डोक्यात शिरली आणि ती ताडकन उठली.

"आई, तेहेतीस कोण?"

"कपड्यातलं..."

पण वही खिळ्यालाच होती. आई "अगं, अगं" म्हणेपर्यंत पान उघडलं.

तेहेतीस. पुढे पेन्सिलच्या घराचं नाव. आणि तो डागाचा शर्ट तर सडपातळ मुलीच्या मापाचा.

भोंगाला खाली बसावं लागलं. ओल्या फरशीवरच बसली ती, युनिफॉर्मसकट. पेन्सिल. दप्तराच्या पुढच्या कप्प्यात दोन बाटल्या आणि एक रोल-ऑन ठेवणारी. प्रत्येक सुट्टीत बाथरूमला जाणारी. वर्गात उत्तर येत असूनही हात वर न करणारी. सातवीत कोणीतरी तिला म्हटलं होतं, "तुला वास येतो." एकदाच, आणि तेही चेष्टेत. सगळे विसरले. पेन्सिल विसरली नाही, तिने त्यावर तीन वर्षं थरावर थर चढवले.

आणि ती पैज! सगळ्यात घाणेरडी काख कोणाची? तिला नावाशी काय घेणं होतं? ते नाव आपलं नाही ना, एवढंच तिला ऐकायचं होतं. म्हणून तो थंड हात. म्हणून ते टाकीला टेकून रडेपर्यंतचं हसणं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, पण असा कळसा, अशी काख! अख्खं गाव धुंडाळलं आणि तो शेजारी बसून डबा खात होता.

बाबा आतल्या खोलीत आले तेव्हा भोंगा फरशीवर आणि आई तिच्या शेजारी वाकलेली. "काय झालं? घसरली का?"

"हो," भोंगा म्हणाली. "घसरले." आणि मग तिने सगळं सांगितलं. पैज, वही, टाकी, बाटली, स्वेटर. पहिल्यांदाच हळू आवाजात सांगितलं. फक्त पेन्सिलचं नाव घेतलं नाही. घ्यायची गरजही नव्हती, वही उघडीच होती.

बाबांनी आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. ते जाऊन इस्त्रीचं बटण बंद करून आले. भर दुपारी, गिऱ्हाइकाच्या वेळेला. मग कपड्यांच्या बोचक्यावर बसले आणि स्वतःच्या तळहातांकडे बघत राहिले. भोंगाने त्या हातांना असं रिकामं बसलेलं कधी पाहिलं नव्हतं.

"सहा वर्षं," ते म्हणाले. "सहा वर्षं विश्वासाने टाकताहेत बाई." मग म्हणाले, "मी जातो त्यांच्याकडे. चूक आमच्या दुकानाची, म्हणून सांगतो."

"त्यांना कळून काय होणार?" आई म्हणाली. "त्यांचा शर्ट स्वच्छ आहे हे त्यांना ठाऊकच आहे. ठाऊक नाही ते शाळेला."

"मग शाळेत हिने सांगावं. आकडा उलटा वाचला म्हणून."

"आणि पोरं गप्प बसतील?" भोंगा म्हणाली. "सहासष्ट नाही तर कोण, म्हणून हात धुऊन मागे लागतील. कोणीतरी कागदावर आकडा पालथा करून बघेल. आणि मग..." तिच्या डोळ्यांसमोर पेन्सिल आली. स्वेटर घातलेली. "तिचं कसं होईल, बाबा?"

दोरीवर तो जुना शर्ट टांगलेला होता. तिसऱ्या धुण्यानंतर काखेत फक्त फिकट सावली उरली होती, लोण्याच्या रंगाची. बाहेरच्या वाऱ्याने बाही जराशी हलली.

भोंगा उठली. मागचा भाग ओलाचिंब. कमरेवर हात ठेवले, मग तिला काय वाटलं कोण जाणे, काढून घेतले.

"आई, बाबा, ऐका. मी ठरवलंय."

"काय ठरवलंस?"

"तो शर्ट माझा होता."

"काऽऽय?" आईच्या हातातली सुईची उशी पडली. "वेडी का खुळी? लोक काय म्हणतील? लॉन्ड्रीवाल्याची पोर आणि सगळ्यात मळकी?"

"आणि हे खोटं आहे," बाबा म्हणाले. "तुझा नव्हता तो."

"कसा नव्हता? आकडा मी वाचला, नाव मी लावलं, गावभर मी केलं. त्या शर्टाचं आता सगळंच माझं आहे, बाबा. दोन शिलाया सोडल्या तर." तिचा आवाज हळूहळू वर यायला लागला होता, पुढच्या खोलीतून पार रस्त्यापर्यंत. काउंटरवर कोणीतरी घंटा वाजवायला उचललेला हात तसाच थांबला. "सोमवारी ड्रिलच्या आधी मी पुढे उभी राहणार आणि सगळ्या मैदानाला सांगणार. बाईंचं काही नव्हतं, शर्ट माझा होता, मी बाईंवर ढकललं. हसू देत किती हसायचं ते. मग मी 'एक' म्हणणार. आणि बाईंचे हात वर जाईपर्यंत 'दोन' म्हणणार नाही!"